मूठभर दाणे आणि २३ टक्क्यांचं गणित

डच भाषेत पीनट बटरला ‘पिंडाकास’ म्हणतात. पिंडा म्हणजे शेंगदाणा आणि कास म्हणजे चीज. या शेंगदाण्याच्या चीजमध्ये चीज औषधालाही नसतं. पण नेदरलँड्समध्ये ‘लोणी’ हा शब्द कायद्याने दुधाच्या लोण्यासाठीच राखून ठेवलेला, त्यामुळे वाटलेल्या दाण्यांच्या या गोळ्याला चीजच्या घरी दत्तक जावं लागलं. डच माणूस सकाळी ते ब्रेडच्या कापावर फासतो, खातो आणि कामाला लागतो. शेंगदाणे, पीनट बटर आणि मरण यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे तपासायला हा देश अगदी योग्य. आणि ते तिथे तपासलंही गेलं.

माझा भाचा गेल्या वर्षापासून जिमला जातो आणि त्याच्या खोलीत पीनट बटरची किलोची बरणी असते. त्याने मला एक चित्र पाठवलं: ‘रोज मूठभर दाणे खा, मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी कमी.’ खाली त्याची ओळ, “मामा, बघ, मी बरोबर होतो.” मी त्याला लिहिलं, मृत्यूचा धोका सगळ्यांना शंभर टक्केच असतो रे. ते त्याला पांचट वाटलं. पण चित्राच्या मुळाशी खरा, नीट केलेला अभ्यास आहे, आणि त्यातलं भाच्याच्या कामाचं वाक्यच चित्रात गाळलेलं होतं. पीनट बटरने मृत्यूच्या धोक्यात काहीच फरक पडलेला दिसला नाही, हे ते वाक्य.

हा अभ्यास मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या पीट व्हान डेन ब्रांड्ट आणि लिओ स्खाउटेन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात मात्र १९८६ची. त्या वर्षी ५५ ते ६९ वयाच्या १,२०,८५२ डच स्त्रीपुरुषांनी एक लांबलचक प्रश्नावली भरून दिली. दीडशे खाद्यपदार्थ; कोणता, किती वेळा, किती खाता? शिवाय सिगारेट, दारू, वजन, शिक्षण, व्यायाम, आजार. मग दहा वर्षं संशोधकांनी या लोकांना काही करायला सांगितलं नाही. सरकारी नोंदींवरून कोण गेलं आणि कशाने गेलं एवढंच टिपलं. या कामात डच वंशावळ कार्यालयाच्या नोंदीही उपयोगी पडल्या. माणूस मेला की त्याची नोंद कुठेतरी नक्की होणार, या भरवशावर असा अभ्यास उभा असतो.

सव्वा लाख प्रश्नावल्या म्हणजे डोंगर. त्या सगळ्या तपासत बसायची गरज नसते. शितावरून भाताची परीक्षा! सुरुवातीलाच चिठ्ठ्या काढल्यासारखे पाच हजार लोक निवडून ठेवले. हे भातातलं शीत. दहा वर्षांत जे गेले त्यांच्या प्रश्नावल्या काढल्या आणि या शिताशी ताडून पाहिल्या. गेलेल्यांमध्ये दाणे न खाणारे जास्त सापडतात का? माहिती पूर्ण असलेले मृत्यू ८,८२३ होते आणि तुलनेच्या गटात ३,२०२ जण उरले.

उत्तर असं आलं. दाणे आणि इतर नट्स अजिबात न खाणाऱ्यांच्या तुलनेत, रोज सरासरी ५ ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी, ५ ते १० ग्रॅम खाणाऱ्यांमध्ये २६ टक्क्यांनी कमी आणि १० ग्रॅम किंवा जास्त खाणाऱ्यांमध्ये २३ टक्क्यांनी कमी. म्हणजे पहिल्या काही ग्रॅमांतच जो काही फरक दिसायचा तो दिसला आणि पुढे रेघ सपाट झाली. ‘मूठभर’ हा शब्द चित्र बनवणाऱ्याचा. अभ्यासातलं प्रमाण मुठीपेक्षा बरंच कमी आहे. अंदाजासाठी सांगायचं तर, १५ ग्रॅम म्हणजे आपल्याकडचे मध्यम आकाराचे साधारण ३०-३५ शेंगदाणे.

इथे शब्दाची एक अडचण. ‘नट्स’ला मराठीत रोजच्या वापरातला शब्द नाही. सुकामेवा म्हणावं तर त्यात मनुका आणि खजूर येतात, शेंगदाणा येत नाही. वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने शेंगदाणा नट नाहीच, तो तुरीचा आणि वाटाण्याचा भाऊबंद, जमिनीत शेंग धरणारा. पण पोटात गेल्यावर त्याचं वागणं बदाम-अक्रोडासारखं असतं. निम्मा भाग तेल, त्यातलं बहुतेक हृदयाला चालणारं, पाव भाग प्रथिनं, वर तंतू, मॅग्नेशियम, ई जीवनसत्त्व. डच अभ्यासात शेंगदाणा आणि झाडावरचे नट्स या दोन्हींचा कल सारखाच दिसला. बदाम श्रीमंतांचे आणि दाणे गरिबांचे, असा भेदभाव शरीर फारसा करत नाही.

आता ते २३ टक्के. अशा आकड्यात दोन गोष्टी लपतात. पहिली, कशाच्या २३ टक्के? समजा (आकडा सोयीसाठी धरतोय) दाणे न खाणाऱ्या साठीच्या हजार माणसांपैकी दहा वर्षांत १५० जण जातात. २३ टक्के कमी म्हणजे साधारण ११५. म्हणजे हजारांत ३५चा फरक. त्या हजारांतले साडेआठशे दाणे न खाताही जगले आणि ११५ जण दाणे खाऊनही गेले. ३५ हा आकडा लहान नाही, एवढा फरक पाडणारं औषध निघालं तर कंपनी पेढे वाटेल. पण ‘२३ टक्के’ वाचताना डोक्यात जे चित्र उभं राहतं, ते हे नसतं. आणि हेच गणित तिशीतल्या माणसाला लावलं तर? तिशीत दहा वर्षांत मरणारे मुळातच थोडे. थोड्याच्या २३ टक्के म्हणजे अगदीच थोडे. माझा भाचा २४ वर्षांचा आहे.

दुसरी लपलेली गोष्ट जास्त महत्त्वाची. हा आकडा दाणे खाणाऱ्यांबद्दल आहे, दाण्यांबद्दल नाही. दोन्ही एकच वाटतं, पण तसं नाही. पुस्तकं वाचणारी मुलं चष्मा लावतात म्हणून चष्म्याने वाचनाची गोडी लागते असं आपण म्हणत नाही. नट्स खाणारे डच लोक फळं-भाज्याही जास्त खात होते, आणि जास्त नट्स खाणाऱ्या बायका अंगाने सडपातळ होत्या. मग त्या जास्त जगल्या त्या दाण्यांमुळे, भाज्यांमुळे की सडपातळपणामुळे?

संशोधकांना हे ठाऊक असतं. ते गणिताने या गोष्टी वेगळ्या काढतात. सिगारेट ओढणाऱ्याची तुलना सिगारेट ओढणाऱ्याशीच, जाड माणसाची जाड माणसाशीच, अशी तुलना केली जाते. हे सगळं करूनच २३ आले. पण वेगळं काढता येतं ते प्रश्नावलीत विचारलेलंच. औषधाची गोळी वेळेवर घेणं, छातीत दुखलं की अंगावर न काढता डॉक्टरकडे जाणं, घरात कुणी विचारपूस करणारं असणं, असल्या गोष्टी दीडशे पदार्थांच्या यादीत सापडत नाहीत.

मला या अभ्यासात सगळ्यात खटकणारी गोष्ट कोणती, ते सांगतो. दाणे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मरणारे कमी, हे पटतं. त्यामागची यंत्रणा माहीत आहे, नट्सने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल खाली येतं हे प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. पण या अभ्यासात हृदयविकाराचा फरक सगळ्यात लहानांपैकी होता, १७ टक्के. श्वसनाच्या रोगांनी होणाऱ्या मृत्यूंत ३९ टक्के आणि मेंदू झिजवणाऱ्या रोगांत ४५ टक्के! ज्या रोगाशी दाण्यांचा संबंध समजावून सांगता येतो तिथे फरक कमी आणि जिथे सांगता येत नाही तिथे जास्त. एखादी गोष्ट सगळ्याच रोगांवर गुणकारी दिसू लागली, की ती ‘नीट जगणाऱ्या माणसाची खूण’ असण्याची शंका घ्यावी. जत्रेत सर्व रोगांवर एकच मुळी विकणाऱ्याबद्दल आपण घेतो, तीच शंका.

अर्थात डच अभ्यास एकटा असता तर मी इथेच थांबलो असतो. तो एकटा नाही. अमेरिकेतल्या परिचारिका आणि पुरुष वैद्यकीय व्यावसायिक यांचे दोन मोठे गट घेऊन २०१३ साली असाच हिशोब मांडला गेला. मिळून जवळपास १ लाख १९ हजार माणसं, आणि परिचारिकांवर तर तीस वर्षं नजर. रोज नट्स खाणाऱ्यांमध्ये मृत्यू २० टक्क्यांनी कमी. (या कामाला काही पैसा नट्स विकणाऱ्यांच्या संघटनेकडून आला होता. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना लक्षात ठेवावं.) आक्षेप तोच: परिचारिका आणि वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे शिकलेली, खाऊनपिऊन सुखी माणसं. अमेरिकेत बदाम खाणं हीच सुस्थितीची खूण.

म्हणून मला २०१५मधलाच तिसरा अभ्यास मोलाचा वाटतो. त्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडची ७१ हजारांहून अधिक माणसं होती, बहुतेक कमी उत्पन्नाची, मोठा हिस्सा कृष्णवर्णीयांचा. आणि शांघायमधली १ लाख ३४ हजार. यांचे नट्स म्हणजे मुख्यतः शेंगदाणे. तिथेही सगळ्यात जास्त खाणाऱ्यांमध्ये मृत्यू अमेरिकेत २१ आणि शांघायमध्ये १७ टक्क्यांनी कमी. गरिबांचं राहणीमान वेगळं, चिनी स्वयंपाक वेगळा, तरी कल तोच. आता ‘श्रीमंत नीट जगतात म्हणून’ हे उत्तर थोडं लंगडं पडतं. पूर्ण पडत नाही.

खरी परीक्षा म्हणजे प्रयोग. चिठ्ठी टाकून अर्ध्यांना नट्स द्यायचे, अर्ध्यांना नाही. स्पेनमध्ये असा मोठा प्रयोग झाला. हृदयविकाराचा धोका असलेले ७,४४७ लोक घेतले. एका गटाला भूमध्य सागराकाठचा आहार आणि रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट. सुमारे पाच वर्षांत त्या गटात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यांनी होणारे मृत्यू मिळून सुमारे २८ टक्के कमी झाले. एकूण मृत्यूंमध्ये मात्र ठाम फरक दिसला नाही. पुढे असं उघड झालं की काही ठिकाणी चिठ्ठ्या नीट टाकल्याच नव्हत्या. घरात एकाला जो आहार, तोच दुसऱ्यालाही दिला गेला होता. नवऱ्याला अक्रोड आणि बायकोला नाही, हे कुठल्या घरात चालणार? २०१८ साली लेख मागे घेऊन हिशोब पुन्हा मांडावा लागला. निष्कर्ष बराचसा तोच राहिला. पण त्यात शेंगदाणा नव्हता, पीनट बटर तर नव्हतंच.

आता भाच्याच्या बरणीकडे येतो.

बरणीचा इतिहास मजेदार आहे. पीनट बटर कार्व्हरनी शोधलं असं आपल्याकडे बऱ्याच जणांना पक्कं ठाऊक असतं. शेंगदाण्यावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले हे कृषिशास्त्रज्ञ, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, अमेरिकेतल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत रुजू झाले १८९६ साली. कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट त्याआधीच, १८८४ मध्ये घेतलं होतं, आणि कॉर्नफ्लेक्सवाले डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ मध्ये नट्सच्या लोण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. केलॉग यांना मांसाला पर्याय हवा होता. ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे होते. या पंथाचे लोक दारू-सिगारेटपासून दूर राहतात आणि त्यातले बरेच शाकाहारी असतात. गंमत अशी की नट्स आणि हृदयविकार यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो याच पंथाच्या लोकांत. कॅलिफोर्नियातल्या ३१ हजार ॲडव्हेंटिस्टांचा अभ्यास १९९२ साली आला. आठवड्यात चारपेक्षा जास्त वेळा नट्स खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जवळपास निम्मे!

मग पीनट बटर मागे का पडलं? ते शेवटी वाटलेले दाणेच ना?

डच संशोधकांनी बोट दाखवलं ते बरणीतल्या इतर गोष्टींकडे, म्हणजे मीठ आणि घट्ट केलेलं वनस्पती तेल. दाणे वाटले की काही दिवसांत तेल वर तरंगतं. ते तरंगू नये म्हणून थोडं घट्ट केलेलं तेल मिसळतात. १९८६च्या काळात अशा तेलात ट्रान्स फॅट असायचं आणि ते हृदयाला वाईटच. स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण सगळीकडे लागू होत नाही. अमेरिकेत २००१ साली बाजारातली पीनट बटरं तपासली तेव्हा त्यांत मोजता येण्याइतकं ट्रान्स फॅट सापडलंच नाही. तरीही पुढे अमेरिकेच्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात शेंगदाणे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी दिसला आणि पीनट बटर खाणाऱ्यांमध्ये तसा फरक दिसला नाही.

मला दुसरं कारण अधिक रास्त वाटतं, आणि ते दाताखालचं आहे. दाण्याचं तेल सुटं नसतं, ते पेशींच्या भिंतींत कोंडलेलं असतं. आपण कितीही चावलं तरी सगळ्या पेशी फुटत नाहीत. न फुटलेल्या पेशी आतल्या तेलासकट बाहेर पडतात. १९८० साली एक साधा प्रयोग झाला. लोकांना अख्खे शेंगदाणे, पीनट बटर आणि शेंगदाणा तेल आळीपाळीने खायला दिलं आणि किती तेल शौचावाटे बाहेर पडतं ते मोजलं. अख्ख्या दाण्यांचं जवळपास १८ टक्के, पीनट बटरचं ७, तेलाचं साडेचार. अमेरिकेच्या कृषी खात्याने बदामांवर असंच केलं तेव्हा अख्ख्या बदामांतून, वेष्टनावर लिहितात त्यापेक्षा सुमारे पाव भाग कमी उष्मांक अंगी लागले. बदामाच्या लोण्यात मात्र ही सूट मिळाली नाही. म्हणजे यंत्राने चावून दिलेला दाणा आणि आपण चावलेला दाणा पोटाला एकसारखे नाहीत.

तिसरं कारण अगदी साधं. दाणे आपण नुसते खातो, पीनट बटर कशावर तरी फासून खातो. ब्रेड, जॅम, वर साखर. पीनट बटर खाल्लं की त्याच्याखालचा ब्रेडही खाल्ला जातो. आणि चौथं म्हणजे दात. ज्याला दाणे चावतच नाहीत असा साठीतला माणूस पीनट बटरकडे वळतो. दात गेलेल्या, आजारी, अशक्त माणसांची गर्दी बरणीभोवती जास्त असेल तर बरणी बिचारी उगाच बदनाम होईल. हा माझा तर्क आहे, अभ्यासातला निष्कर्ष नव्हे.

पीनट बटर विष आहे असा मात्र यातून अर्थ निघत नाही. फायदा दिसला नाही म्हणजे तोटा दिसला असं नाही. २००२ साली परिचारिकांच्याच गटात, आठवड्यात पाच किंवा अधिक वेळा पीनट बटर खाणाऱ्या बायकांना मधुमेह कमी झालेला दिसला होता. अमेरिकेत तर कायद्यानेच पीनट बटरमध्ये ९० टक्के दाणे असावे लागतात. हा ९० टक्क्यांचा नियम कंपन्या आणि सरकार यांच्यात दहा वर्षांहून अधिक वाद होऊन मग लागू झाला. बरणी उलटी करून घटक वाचावेत. शेंगदाणे आणि फार तर मीठ, एवढंच लिहिलेलं असेल तर उत्तम. तेल वर तरंगत असेल तर चमच्याने ढवळून घ्यावं, ते बिघडल्याचं लक्षण नाही.

आणि आपलं दाण्याचं कूट? त्यावर असा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. पण विचार केला तर ते अख्खा दाणा आणि पीनट बटर यांच्या मधलं. भाजलेलं, जाडसर, त्यात मीठ नाही, साखर नाही, घट्ट तेल नाही. आणि ते काकडीच्या कोशिंबिरीत जातं तसंच साबुदाण्याच्या खिचडीतही. खिचडीत किती साबुदाणा आणि किती तूप, हे पाहिल्यावर कुटाच्या पुण्याईवर भार टाकू नये.

शेंगदाण्याच्या बाबतीत एक धोका या सगळ्या टक्केवारीपेक्षा पक्का आहे, तो बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तर त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि पेंडीला बुरशी. त्या बुरशीच्या नावावरूनच तिच्या विषाला ॲफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतं. भाजल्याने थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे ‘भाजून कूट करून टाकू’ म्हणत खपवू नयेत, सरळ फेकावेत. आमच्या घरी दाणे निवडायला आजी बसायची. एखादा कडू दाणा तोंडात आला की ती सगळी मूठ थुंकायची, आणि आम्हाला तो अतिरेक वाटायचा.

ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी वरचं सगळं निरर्थक आहे, त्यांनी दाण्याला हात लावू नये. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो. बाकीच्यांना, रोज पंधरा ग्रॅम बिनखारे, न तळलेले दाणे खायला हरकत नाही. त्यात साधारण ८५ उष्मांक येतात, ते दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात आले तर बरं, वरून घातले तर नाही. संध्याकाळच्या बिस्किटांऐवजी दाणे, एवढा बदल केला तर त्या २३ टक्क्यांतला जो काही हिस्सा खरा असेल तो पदरात पडतो. आणि सगळाच खोटा निघाला तरी बिस्किटं वाचली.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे बरणी संपवू की नको?” म्हटलं, संपव, पण ब्रेड कमी कर. मग त्याने विचारलं, दाणे भाजायचे कसे. मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत, सालं तडकेपर्यंत, असं सांगितलं. पाच मिनिटांनी त्याने फोटो पाठवला. अर्धे काळे झाले होते.